संशय आणि प्रश्न

मराठी माणसाच्या तोंडी सत्तेविषयीच्या अविश्वासाला कधी तोटा पडलेला नाही. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कुणाकडे मागावी, हा सवाल आपल्या आजीपणजींनी केव्हाच विचारून ठेवला आहे. राजाने मारले आणि पावसाने झोडपले तर गाऱ्हाणे न्यायचे कुठे, हेही त्यांचेच बोल. पुढे राजे गेले आणि सरकार आले, तेव्हा ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ अशी नवी म्हण घडवायला आपल्याला फारसा वेळ लागला नाही. सरकारच्या शेजारी कंपन्या, बँका, कारखाने येऊन बसले. त्यांच्यासाठी ‘चोर चोर मावसभाऊ’ ही जुनीच म्हण पुरली. दिवाळीच्या फराळाला चार नातलग जमले की विजेचे बिल, साखरेचा भाव, रस्त्याचे कंत्राट असे विषय निघतात, प्रत्येकाजवळ एकेक किस्सा असतो, आणि शेवटी कुणीतरी वडीलधारे ‘अहो, सगळे एकाच माळेचे मणी’ असे म्हणून चकलीचा तुकडा मोडतात. तिथे विषय संपतो.

तो तिथे का संपतो, याचा विचार मला प्रस्तुत लेखात करावयाचा आहे, आणि तो साहित्याच्या व चित्रपटाच्या अंगाने करावयाचा आहे. वाचक म्हणतील की हा विषय तर वर्तमानपत्राचा, समीक्षकाने त्यात कशाला पडावे? परंतु अविश्वास ही एक भावना आहे, आणि भावनेचे रूप पारखणे हे समीक्षकाचे कामच आहे. म्हणींकडेच पाहा. त्या चटकदार आहेत, अनुभवातून आलेल्या आहेत, पण त्यांत नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. कोणते कुंपण, कुणाचे शेत, किती खाल्ले, हे म्हण सांगत नाही. म्हणून ती सर्वांना लागू पडते, आणि म्हणूनच ती कुणालाही बोचत नाही. ज्याने खरोखर शेत खाल्ले तोही ती हसतहसत उच्चारू शकतो. अविश्वासाच्या या जातीला मी संशय म्हणतो. दुसरी एक जात आहे, तिला मी प्रश्न म्हणतो. संशय सर्वांविषयी असतो. प्रश्न एका गोष्टीविषयी असतो. संशयाला उत्तर लागत नाही, कारण ते त्याने अगोदरच धरलेले असते. प्रश्नाला उत्तर लागते, आणि ते मिळेपर्यंत तो उंबरठ्यावरून हलत नाही. या दोन जातींची गल्लत झाल्यामुळे आपण स्वतःला फार जागरूक समजतो आणि प्रत्यक्षात स्वस्थ झोपतो, असे माझे मत आहे.

आपल्याकडील सर्वात जळजळीत अविश्वासाचे पुस्तक कोणते, असे कुणी विचारले तर मी ‘शेतकऱ्याचा असूड’चे नाव घेईन. जोतीराव फुले यांनी ते १८८३ साली पुरे केले. या पुस्तकाविषयी बोलताना त्याच्या संतापाविषयी, त्याच्या रांगड्या भाषेविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. पण मला त्यात अधिक महत्त्वाचा वाटतो तो हिशेब. शेतकरी जन्माला येण्याआधीपासून तो मेल्यानंतरपर्यंत कोणकोणत्या निमित्ताने त्याच्या गाठीचे पैसे सुटतात, याची जोतीराव जवळजवळ वहीच मांडतात. गोरे अधिकारी ऐषआरामात राहून कारभार हाताखालच्यांवर कसा सोडून देतात, आणि मधल्या मध्ये रयत कशी नागवली जाते, तेही ते पायरीपायरीने सांगतात. ‘सगळे सारखेच’ असे म्हणून ते मोकळे होत नाहीत. कोण किती आणि कसा, हे ते वेगवेगळे दाखवतात.

आणि शेवटच्या प्रकरणात तर वाचकाला नवल वाटावे असे काही घडते. ज्या सरकारवर या माणसाचा काडीचा विश्वास उरलेला नाही, त्याच सरकारपुढे तो कामांची यादी ठेवतो. पावसाचे पाणी शेतात मुरेल असे बांध घाला, त्या कामाला पलटणीतले आणि पोलिसातले मोकळे हात लावा, तलावातला गाळ शेतकऱ्याला नेऊ द्या, चांगल्या जातीची मेंढरे आणा. एवढा संताप आणि इतके तपशीलवार मागणे एकाच लेखणीतून यावे, यात विसंगती नाही. ज्याला खरोखर उत्तर हवे असते तोच इतके नेमके विचारतो.

या पुस्तकाची आणखी एक हकीकत आहे. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधू’त छापली गेली आणि पुढची थांबली. ‘दीनबंधू’ काही शत्रूचे पत्र नव्हते; ते जोतीरावांच्याच चळवळीतल्या माणसांचे होते. तेही कचरले, ही गोष्ट जोतीरावांना लागली आणि ती त्यांनी लपवली नाही. अविश्वासाच्या गोष्टीत सरकार आणि सावकार ही दोनच पात्रे नसतात. आपल्या बाजूचा छापखानाही त्यात एक पात्र असतो.

योगायोग असा, की त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ साली, तिकडे नॉर्वेच्या इब्सेनने ‘लोकशत्रू’ या आशयाच्या नावाचे नाटक प्रसिद्ध केले होते. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचा प्रश्नच नाही. परंतु इब्सेनच्या नाटकातही असाच एक छापखाना आहे. एका लहान गावात औषधी पाण्याची स्नानगृहे निघाली आहेत; बाहेरगावचे रोगी येतात, घरांची भाडी वाढतात, गावाला बरे दिवस येतात. या स्नानगृहांचे डॉक्टर स्टॉकमन पाण्याचे नमुने विद्यापीठाकडे तपासायला पाठवतात आणि कळते ते असे, की वरच्या अंगाच्या चर्मालयांची घाण झिरपून पाणी दूषित झाले आहे. नळ पुन्हा घालावे लागतील. त्याला दोन वर्षे लागतील आणि अतोनात पैसा. डॉक्टरांचा सख्खा भाऊ गावचा महापौर आहे आणि स्नानगृहांच्या मंडळाचा अध्यक्षही. म्हणजे सरकारही तोच आणि कंपनीही तोच. सुरुवातीला डॉक्टरांना डोक्यावर घेणारे संपादक आणि मुद्रक, खर्च गावाच्या करातून जाणार असे कळताच, तोच अहवाल छापायला नकार देतात.

या नाटकाचा चौथा अंक जगभर गाजला. सभा भरते. डॉक्टर आपला पाण्याविषयीचा अहवाल वाचायला उभे राहतात, तर महापौर ठराव आणतात की तो वाचू देऊ नये. मग डॉक्टर पाण्याचा विषय सोडून देतात आणि बहुमत, समाज, सामान्य माणसांचे अज्ञान यांवर घणाघाती भाषण करतात. गाव त्यांना लोकशत्रू ठरवते, घराच्या काचा फुटतात. रंगभूमीवर हा प्रसंग अंगावर काटा आणतो, हे मला मान्य आहे. तरीही मला वाटते की डॉक्टर हरतात ते याच ठिकाणी. काचा फुटण्याच्या आधी त्यांच्या हातातला कागद सुटलेला असतो. ‘या पाण्यात घाण आहे की नाही?’ या एका प्रश्नाला महापौरांजवळ उत्तर नव्हते. ‘तुम्ही सगळेच मूर्ख’ या आरोपाला मात्र प्रत्येकाजवळ उत्तर होते, आणि दगडही होता. सत्ता एवढेच साधते. ती खऱ्या माणसाला त्याच्या नेमक्या प्रश्नावरून ढकलून सर्वसाधारण संतापाच्या निसरड्या जागी आणते, आणि एकदा तो तिथे आला की त्याला पाडायला श्रम पडत नाहीत. नाटककाराला हे किती अभिप्रेत होते यावर विद्वानांनी वाद घालावा. मला तर त्या अंकात डॉक्टरांच्या शौर्यापेक्षा त्यांचा हा अपघात अधिक दिसतो.

सत्यजित राय यांनी १९८९ साली याच कथेवरून बंगालीत ‘गणशत्रू’ हा चित्रपट केला. त्यात स्नानगृहांच्या जागी देऊळ आले आणि दूषित पाण्याच्या जागी भक्तांच्या तळहातावर पडणारे चरणामृत. राय यांनी शेवटही बदलला. इब्सेनचा डॉक्टर एकटेपणाचे सामर्थ्य गात पडद्याआड जातो; राय यांच्या डॉक्टरला घराबाहेरून तरुणांच्या घोषणा ऐकू येतात. हा शेवट भाबडा आहे, अशी टीका होऊ शकते. परंतु तो बदल का करावासा वाटला, हे समजून घ्यायला मराठी प्रेक्षकाला बंगालपर्यंत जाण्याची गरज नाही. त्याने तो चौदा वर्षे आधी आपल्याच भाषेत पाहिला होता.

‘सामना’ हा चित्रपट १९७५ चा. कथा-पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. निळू फुल्यांनी तो असा उभा केला की पुढे वर्षानुवर्षे महाराष्ट्राला प्रत्येक पुढाऱ्यात तोच दिसू लागला. इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा तो सावकार आणि खासगी कारखानदार या दोघांच्या तावडीतून सुटण्याचा मार्ग होता, आणि कितीतरी शेतकऱ्यांच्या घरी त्याने पैका व शाळा दोन्ही आणले. पण सहकारी कारखाना ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. खासगी म्हणावा तर भांडवलात सरकारचा हात. सरकारी म्हणावा तर मालक सभासद. आणि सभासदांचा म्हणावा तर अध्यक्षासमोर बोलायची सभासदाची छाती नाही. इब्सेनच्या महापौराने दोन टोप्या घातल्या होत्या. हिंदुरावाच्या एकाच टोपीखाली सारे मावते.

अशा गावात एक दारुडा, विझलेला, जुना गांधीवादी मास्तर येऊन पडतो. डॉ. श्रीराम लागूंचा हा मास्तर हिंदुरावाचाच पाहुणचार घेतो. त्याच्यापाशी ना पक्ष, ना पत्र, ना प्रतिष्ठा. सहकारी चळवळीवर, राजकारणावर, समाजाच्या अधःपातावर त्याने व्याख्यान दिले असते तर हिंदुरावाने त्याला हार घातला असता. तो व्याख्यान देत नाही. मारुती कांबळे या माणसाचे पुढे काय झाले, एवढेच तो विचारतो. ज्याला त्याला विचारतो, शुद्धीत विचारतो, नशेत विचारतो. त्या प्रश्नात एक नाव आहे, आणि म्हणूनच त्यातून सुटका नाही. पहिल्यांदा लोक कानाडोळा करतात. मग तो प्रश्न हळूहळू दुसऱ्याच्या तोंडी जातो, तिसऱ्याच्या जातो, आणि अखेर गावाचा होतो. मास्तर हरला असता तरी आता चालले असते. प्रश्न त्याच्यावाचूनही चालू शकत होता. इब्सेनच्या डॉक्टरला जे जमले नाही ते या बेवड्या मास्तराला जमले, कारण त्याने विषय बदलला नाही, आणि गावाला मूर्ख म्हटले नाही. गावाला सगळे ठाऊक होते. त्याला माहिती नको होती, फक्त मोठ्याने उच्चारण्याची सवय हवी होती.

याच लेखक-दिग्दर्शकांच्या जोडीने चार वर्षांनी, १९७९ साली, अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरून ‘सिंहासन’ काढला. कलाकृती म्हणून तो कदाचित अधिक सफाईदार असेल. त्यात निळू फुले सत्तेच्या खुर्चीतून उठून पत्रकार दिगू टिपणीसच्या झोळीत शिरले आहेत. या दिगूला सगळे माहीत आहे: मुख्यमंत्र्यांचे डाव, अर्थमंत्र्यांची हाव, कामगार पुढाऱ्याचे हिशेब. पण त्याच्यापाशी प्रश्न नाही, नुसती माहिती आहे. चित्रपट संपतो तेव्हा हा सर्वज्ञ माणूस वेड्यासारखा हसत सुटलेला असतो. ‘सगळे एकाच माळेचे मणी’ हे वाक्य टोकापर्यंत नेले की काय उरते, त्याचे हे चित्र आहे. आपण त्या हास्याला दाद देत चित्रपटगृहाबाहेर पडतो. माझी शंका एवढीच, की ‘सामना’ पाहून माणूस अस्वस्थ होतो आणि ‘सिंहासन’ पाहून शहाणा होतो. आणि हे शहाणपण सत्तेला चांगलेच परवडते.

आता कुणी म्हणेल, चित्रपटात प्रश्न जिंकतो, जगात काय? हा आक्षेप खोटा नाही. भोपाळच्या राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ पासून युनियन कार्बाइडच्या कारखान्याविषयी लिहायला सुरुवात केली. त्याआधी कारखान्यातला त्यांच्या ओळखीचा एक कामगार विषारी वायूने दगावला होता. केसवानींनी कंपनीला शिव्या घातल्या नाहीत. कागद मिळवले, वायूंची नावे समजून घेतली, सुरक्षिततेच्या तपासणीत काय आढळले ते शोधले, आणि शहराला धोका आहे असे पुन्हा पुन्हा छापले. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री तो वायू सुटला आणि हजारो माणसे गेली. प्रश्न नेमका होता, वेळेवर होता, एकट्याचा होता. त्याचे पत्र लहान, आणि शहराला आपापली कामे होती. म्हणजे नेमकेपणा पुरेसा नाही. मारुती कांबळेच्या प्रश्नाला जशी गावाची तोंडे मिळाली तशी मिळावी लागतात. केसवानींना ती मिळाली असती तर काय झाले असते, याचा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

ती तोंडे कशी मिळतात याचे एक उदाहरण राजस्थानात घडले, आणि माझ्या मते ते समीक्षकांनीही अभ्यासावे. मजूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराणा गावी पहिली जनसुनावणी भरवली. तिथे भाषण हे मुख्य नव्हते. मस्टरचे वाचन होते. मस्टर म्हणजे हजेरीपट काय असतो हे महाराष्ट्राला सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीच्या कामांवर आपल्याकडच्या लाखो बायाबापड्यांनी त्यावर अंगठे उठवले आहेत. कोटकिराण्याला गावासमोर एकेक नाव वाचले जाई: अमुक अमुक, इतके दिवस, इतके पैसे. आणि समोरून आवाज येई की मी त्या कामावर गेलोच नव्हतो. मराठीत आजवर मी भ्रष्टाचारावरची पुष्कळ नाटके आणि कथा वाचल्या, पण चावडीत मोठ्याने वाचलेल्या त्या रुक्ष हजेरीपटाइतके परिणामकारक संहितेचे उदाहरण मला आठवत नाही. त्या वाचनातूनच माहितीच्या हक्काची मागणी वाढत गेली. महाराष्ट्रात, अण्णा हजारे यांच्या उपोषण-आंदोलनांमागोमाग, २००२ साली तसा कायदा आला, आणि २००५ साली तो देशाचा झाला. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर.

या कायद्याने सत्ययुग आले असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. खासगी कंपनीच्या दारात तो थेट जात नाही. तिने सरकारला जे कागद दिले असतील त्यांच्यापुरताच तो पोचतो. आणि मारुती कांबळे काही केवळ तेंडुलकरांच्या कल्पनेत नव्हते. तळेगावचे सतीश शेट्टी जमिनींच्या व्यवहारांची माहिती मागत असत. जानेवारी २०१० मध्ये सकाळी फिरायला गेले असता त्यांचा खून झाला. संशय घेणाऱ्याच्या वाट्याला असे मरण येत नाही. ‘सगळेच चोर’ असे म्हटल्याबद्दल चहाच्या टपरीवर आजवर कुणाला कुणी हात लावलेला नाही. एका सातबाऱ्याचा उतारा मागणाऱ्याला मात्र लावतात. सत्ता कशाला भिते, हे यावरून उघड व्हावे.

म्हणून आपल्या लेखकांकडे माझे एक मागणे आहे. पुढारी लबाड आहे, साहेब लाचखाऊ आहे, कंपनी निर्दय आहे, एवढे दाखवून आता भागणार नाही. ते वाचकाला तुमच्याआधी ठाऊक असते आणि पुस्तक मिटताना तो आपलीच समजूत पक्की करून उठतो. त्याऐवजी एक मस्टर, एक नळ, एक बेपत्ता माणूस घ्या आणि शेवटच्या पानापर्यंत तो सोडू नका. जोतीरावांना हे साधले होते, आणि ते तर कादंबरीही लिहीत नव्हते.

वाचकांकडेही एक मागणे आहे, आणि सणाच्या दिवशी ते कुणी मनाला लावून घेऊ नये. यंदा फराळाला बसल्यावर ‘सगळे एकाच माळेचे मणी’ हे वाक्य कुणीतरी म्हणेलच. ते म्हणणाऱ्या काकांना किंवा मामांना अडवू नका. त्यांचा अनुभव खरा आहे. फक्त त्यांना आदराने विचारा: कोणता मणी, काका? कोणत्या रस्त्याचे कंत्राट, कोणत्या महिन्याचे बिल, सोसायटीच्या कोणत्या सभेतला ठराव? उत्तर देता देता ते कदाचित चष्मा लावतील आणि कपाटातला जुना कागद काढतील. घरातली शाळकरी मुले ते पाहत असतील, आणि चकलीपेक्षा ते त्यांच्या अधिक लक्षात राहील.